पडद्यावर दिसणारा नंबर

दिवसभरात तुम्ही किती वेळा नुसतं बोट दाखवता? ‘ते तिथं ठेव’, ‘इथं सही करा’, ‘तो बघ, तो निळ्या शर्टातला’. मोजायला सांगत नाही, मोजता येणार नाही. फक्त एवढं सांगा, की आपलं बोट समोरच्याला दिसतंय का, हा विचार तुमच्या मनात शेवटचा कधी आला होता?

चेन्नईत अड्यारमधल्या ज्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते, त्या घरात बोट दाखवायला बंदी होती. घरमालकीण ऑपरेटर अक्का. ‘इथं’, ‘तिथं’, ‘हे’, ‘ते’ हे शब्द त्यांच्यापुढं चालत नसत. राहायला गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दारातली दुधाची पिशवी आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "अक्का, दूध तिथं ठेवलंय."

"तेथें म्हणजे कोठें ग? काशीला?"

"ओट्यावर."

"ओटा लांब आहे. गॅसकडे की मोरीकडे?"

"मोरीकडे. कळशीच्या मागं."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ‘बरं’. "आतां ते दूध झालें. मघाशी नुसती बातमी होती."

मी कोल्हापूरकडची. वडील सूतगिरणीत कामाला आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकांची रद्दी जास्त असे आणि जोडाक्षरं मी ‘धिक्कार’ या शब्दावर शिकले. इंजिनिअर होऊन पेरुंगुडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा जगातल्या सगळ्या अन्यायांची यादी मला पाठ आहे असं मला वाटत होतं. त्या यादीत ‘दूध तिथं ठेवलंय’ हे वाक्य नव्हतं.

अक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागं दक्षिणेत गेले ते तिथलेच झाले, पण घरात मराठी टिकली. ती जुनी, पोथीतल्यासारखी, आणि तमिळ हेलात बोललेली. पहिले काही दिवस मला त्या बोलताहेत की आरती म्हणताहेत हे कळत नव्हतं. त्यांना माझी मराठी उद्धट वाटायची. "कोलापूर, तुझें मराठी कानांत खडे टाकल्यासारखें आहे," असं त्या म्हणत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायम कोलापूर.

शाळेत असताना तापात त्यांची दृष्टी गेली. तमिळ वाचायला शिकून झालं होतं, तेवढ्यात. पुढं टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेऊन त्यांनी जॉर्ज टाउनमधल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीत सगळी नोकरी केली. बाहेरून आलेला फोन घ्यायचा आणि आत जोडून द्यायचा. त्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. त्यांचे दोन आवाज होते. घरातला आवाज कावळ्याला हुसकावल्यासारखा. फोन वाजला, की दुसरा यायचा, मऊ, इंग्रजी, आणि एकेका शब्दाला इस्त्री केलेला. त्यांचे धाकटे भाऊ मुकुंदराव मला एकदा म्हणाले, "पेढीचे मालक अक्काचा आवाज ऐकायला बाहेर जाऊन स्वतःच्याच पेढीला फोन करायचे." अक्का म्हणाल्या, "खोटें. बिल वाढलें असतें." पण खूश झाल्या होत्या.

नंबर सांगायची त्यांची पद्धत होती. आधी कोणाचा, मग नंबर, मध्ये श्वास घेऊन दोन-दोन आकडे, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा घाईत कसला तरी नंबर भराभरा सांगितला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "नंबर म्हणजे कडू औषध नाहीं, एका घोटात संपवायला. दोनदां सांगायचा. पहिल्यांदां माणूस ऐकतो. दुसऱ्यांदां लिहितो." शहरातले शेकडो नंबर त्यांना पाठ होते. कोणाच्या घरी लग्न ठरलं, की मांडववाला, वाजंत्रीवाले, भटजी, सगळ्यांचे नंबर विचारायला शेजारपाजारचे त्यांच्याकडे येत. मुकुंदराव म्हणायचे, "अक्काला सगळ्या मद्रासचे नंबर पाठ. मी सकाळी काय खाल्लं हे मात्र रोज विचारते." ते चेन्नईला कायम मद्रासच म्हणत.

मुकुंदराव बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन तंजावरला. बहीण-भाऊ असे दोघंच घरात. आणि रोज संध्याकाळी त्यांचा एक कार्यक्रम असे, तो बघायला मी मुद्दाम खाली जायचे. टीव्हीवर तमिळ मालिका लागायची. तिच्यात बोलणं कमी आणि डोळे वटारणं जास्त. वाद्यं वाजायला लागली, की अक्का भावाला कोपरानं ढोसायच्या.

"काय झालें?"

"सून आली."

"मग?"

"बघते."

"कशी बघते?"

"डोळ्यांनी."

"मुकुंदा, नीट सांग. रागानें की भ्यालेली?"

मग मुकुंदराव चष्मा सारखा करून, पडद्याकडं झुकून, कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगायचे. "रागावलेली आहे, पण सासूनं बघितल्यावर नाही दाखवत. हातात दिवा. दिवा विझणार असं वाटतं." अक्का मान हलवायच्या. त्या घरातला टीव्ही दोघं मिळून बघायचे. भाऊ चित्र बघायचा, बहीण गोष्ट. कोणीही कोणावर उपकार करत नव्हतं. भांडण झालं, की मुकुंदराव शिक्षा म्हणून मालिका सांगायचे बंद करत, आणि अक्का शिक्षा म्हणून त्यांना फोनवरच्या बातम्या सांगत नसत.

आमच्या कंपनीला तेव्हा परदेशातल्या एका इस्पितळाचं संकेतस्थळ करायचं काम मिळालं होतं. अट अशी, की न दिसणाऱ्या माणसालाही ते वापरता आलं पाहिजे. पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली असते, तिला चित्र कळत नाही, म्हणून प्रत्येक चित्रामागं शब्दांत वर्णन लिहून ठेवायचं असतं. आमच्या चमूनं ते काम जीव लावून केलं. ‘हसऱ्या चेहऱ्याची परिचारिका, केसांत पिवळं फूल, मागं निळं आकाश.’ वाचताना आमच्यातल्या एकीला रडू आलं होतं. मी लॅपटॉप घरी आणून अक्कांपुढं ठेवला. यंत्राचा इंग्रजी आवाज परिचारिकेचं वर्णन सांगू लागला, आकाश सांगून झालं, खिडकीतली कुंडी सांगून झाली. मग तो म्हणाला, "बटण." पुन्हा, "बटण." पुन्हा, "बटण."

"कसलें बटण?" अक्कांनी विचारलं.

मी पडद्यावर बघितलं. एक रुग्णवाहिका बोलवायचं होतं, एक डॉक्टरची वेळ घ्यायचं, एक फोन नंबरांचं. बटणांना नावं द्यायचं काम आम्ही कोणी केलंच नव्हतं. ती आमच्या डोळ्यांना दिसत होती.

"म्हणजे मी मरायला टेकलें आहें," अक्का म्हणाल्या, "आणि तुम्ही मला नर्सबाईच्या केसांतलें फूल सांगता."

मुकुंदराव मागून म्हणाले, "फूल पिवळं आहे अक्का. मरताना बरं वाटेल."

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अक्कांचं सगळं बरोबरच असायचं असं नाही. त्याच दिवशी त्यांनी सुचवलं, की प्रत्येक पान उघडताना वीणा वाजावी, म्हणजे माणसाला पान बदललं हे कळेल आणि मन प्रसन्न होईल. मी नको म्हटल्यावर आठवडाभर रुसल्या. ब्रेलची त्यांना चीड होती. लहानपणी शिकवणाऱ्यानं बोटांवर पट्टी मारली होती म्हणून असेल, ठिपक्यांना त्या ‘पुरळ’ म्हणत आणि ब्रेलवर भक्ती असणाऱ्या मैत्रिणींशी तावातावानं भांडत. पण बटणांचं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं आणि सगळी बटणं बोलकी झाली.

हे मी सावकाश सांगते आहे, कारण पुढचं सांगायला मला अजून शब्द जुळवावे लागतात.

दोन हजार चारच्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. परदेशी ग्राहकांची सुट्टी, तेवढ्यात दुरुस्त्या उरकायच्या म्हणून आम्हा काही जणांना पेरुंगुडीत कामावर बोलावलं होतं. मुकुंदराव रविवारी सकाळी बेसंत नगरच्या किनाऱ्यावर फिरायला जायचे आणि मग मित्रांबरोबर वाळूत बराच वेळ गप्पा मारत बसायचे. त्या दिवशी समुद्र आत आला. त्सुनामी हा शब्द तोवर आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हता. ऑफिसात कोणी तरी म्हणालं, समुद्र रस्त्यावर आलाय, आणि आम्हाला वाटलं थट्टा चाललीय. मोबाइल लागेनात. मी निघाले, थोडं रिक्षानं, बरंचसं चालत. समोरून लोक गाठोडी, कोंबड्या, टीव्हीसुद्धा घेऊन उलट्या दिशेनं येत होते. दुसरी लाट येणार अशी हूल उठली होती.

आमची गल्ली रिकामी होती. दारांना कुलपं. अक्का मात्र पुढच्या खोलीत बसल्या होत्या, मांडीवर टेलिफोन, समोर टीव्ही मोठ्यानं चालू. शेजारच्या बाई हात धरून ओढायला आल्या होत्या, पण अक्का गेल्या नव्हत्या. "मुकुंदा आला आणि दाराला कुलूप असलें तर?"

मी आल्याचं त्यांना पावलांवरून कळलं. त्यांनी कसं, काय, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "खाली काय लिहिलें आहे? वाच."

टीव्हीवरची बाई तमिळमध्ये सांगत होती, की जखमींना वेगवेगळ्या इस्पितळांत नेलं आहे, नातेवाइकांनी पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवर संपर्क साधावा. पुन्हा लाटेची दृश्यं. पुन्हा तीच बाई, पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवर संपर्क साधावा. नंबर ती एकदाही उच्चारत नव्हती.

"सकाळपासून असेंच सांगते आहे," अक्का म्हणाल्या. "दिसणारा नंबर, दिसणारा नंबर."

 विचार करा. टेलिफोन चालू आहे. डायल टोन येतो आहे. आयुष्यभर नंबर फिरवलेली बाई तो मांडीवर घेऊन बसली आहे. पाठ असलेली मोठी इस्पितळं तिची केव्हाच फिरवून झाली, काही सारखी एंगेज, काही म्हणाली इथं या नावाचं कोणी नाही. चौकशीचा नंबर लागत नाही. तंजावरला भाचीकडं लाईन जात नाही. रेडिओवर गाणी. आणि तिला हवे असलेले आकडे तिच्यापासून हातभर अंतरावर, काचेवरून सरकत चालले आहेत, तासन्‌तास, आणि ते तोंडानं म्हणायचं त्या वाहिनीतल्या एकाही माणसाला सुचत नाही.

मी खालच्या पट्टीकडं बघितलं. पट्टी तमिळमध्ये होती. इंग्रजी वाहिन्या फक्त लाटा दाखवत होत्या. इस्पितळांचे नंबर होते ते एवढ्या स्थानिक वाहिनीवर. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, तेही तोंडी. अक्षर एकही ओळखत नव्हते.

"अक्का, मला वाचता येत नाही. आकडे तेवढे कळताहेत. बरेच नंबर आहेत. कुठला कशाचा ते कळत नाही."

"सगळे एकेक फिरवीत बसलें तर रात्र होईल," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढं उघडला. "दिसतें तसें काढ. बोटानें."

मी त्यांच्या तळहातावर अक्षर काढू लागले. डावीकडं उभी रेघ, खालून आडवी, उजवीकडं वर जाऊन आत वळलेली.

"म," अक्का म्हणाल्या. "पुढें."

पट्टी सरकून जायची. ती फिरून येईपर्यंत थांबायचं, तोच शब्द पकडायचा, आणखी एक अक्षर काढायचं. माझं काही चुकलं, की त्या बोट धरून म्हणायच्या, असें अक्षर नसतें, पुन्हां बघ. तिसऱ्या अक्षराला त्यांनी मूठ मिटली. "मरुत्तुवमनै. इस्पितळ. त्याच्या आधी काय आहे? नांव काढ." आम्ही असं एकेक नाव काढलं. आधीच फिरवून झालेली इस्पितळं त्यांनी पहिल्या अक्षरालाच सोडून दिली. मग एक नाव आलं, अड्यारमधल्याच एका छोट्या खासगी इस्पितळाचं. चालत जाण्याइतकं जवळ. तिथं जखमींना नेलं असेल हे कोणाच्या मनात येणार? मी आकडे वाचले. अक्कांनी ते एकदाच ऐकले आणि फिरवले.

फोन लागला. अक्कांचा फोनवरचा आवाज आला, मऊ, इस्त्रीचा. त्यांनी नाव सांगितलं, मुकुंदराव, वय, चष्मा असेल किंवा नसेल. मग त्या ऐकत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांचा चेहरा बदलला नाही. "मी अक्काच बोलतें आहें," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. आणखी काही ऐकलं. थँक्यू म्हणाल्या. रिसीव्हर नीट जागेवर ठेवला.

"गेला," त्या म्हणाल्या. "आतांच. थोडा वेळ झाला."

मग त्यांनी तो तळहात पदराला पुसला. पुन्हा पुन्हा पुसला.

नर्सनं काय सांगितलं ते मला इस्पितळात गेल्यावर कळलं, कारण तिनं ते माझ्यापाशी पुन्हा सांगितलं. मुकुंदरावांना कोळ्यांनी पाण्यातून काढलं, तेव्हा ते शुद्धीवर होते. छातीत पाणी गेलेलं, बोलायला त्रास होत होता, घरचा नंबर विचारला तर तो आठवत नव्हता. घरातले नंबर लक्षात ठेवायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. पण ते घाबरलेले नव्हते. ‘माझी अक्का फोन करेल, ती टेलिफोनवालीच आहे,’ असं सांगत होते. फोन वाजला, की मान उचलून बघायचे.

डॉक्टर म्हणाले, बहीण लवकर आली असती तरी त्यांना वाचवता आलं नसतं. मान्य आहे. मी वैद्यकाशी भांडत नाही. पण त्या माणसाला मरताना बहिणीचा आवाज ऐकू येऊ शकला असता, आणि तो ऐकू आला नाही, हे समुद्रानं केलेलं नाही. समुद्राला मी सोडून देते. काचेच्या आड बसून ‘दिसणारा नंबर’ म्हणणाऱ्या वाहिनीला कशी सोडू?

तेरावं झाल्यावर मी पत्रक लिहायला बसले. वडिलांची मुलगी मी, मला दुसरं काय येतं? पहिला शब्द धिक्कार. शेवटचा शब्द धिक्कार. अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हें कोणासाठी लिहिलेंस?"

"त्या वाहिनीसाठी."

"नाहीं. हें तूं तुझ्यासाठी लिहिलेंस. त्यांनी करायचें काय, तें यांत कोठें आहे?"

शोधलं तर नव्हतं. मी तावातावानं म्हणाले, की त्यांना लाज वाटली पाहिजे. अक्का म्हणाल्या, "लाज वाटून ते आणखी खाली बघतील. मला त्यांचें तोंड उघडायला हवें आहे." मग त्यांनी मला मजकूर सांगितला. पडद्यावर नंबर दाखवाल तेव्हा तो तोंडानंही सांगा. आधी कशाचा ते सांगा. दोनदा सांगा. एवढंच. धिक्काराला त्यांनी जागा दिली नाही.

तो कागद घेऊन आम्ही दोघी वाहिनीच्या कचेरीत गेलो. एक तरुण अधिकारी भेटला. त्यानं अक्कांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, झालं ते ऐकून खरोखर हळहळला. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कागद वाचून तो म्हणाला, की सगळे नंबर वाचत बसलं तर बातमीचा वेग जातो. आणि मग, मनापासून पडलेला प्रश्न विचारावा तसं त्यानं विचारलं, "पण अम्मा, तुम्हाला दिसत नाही, तर घरात टीव्ही कशाला ठेवलाय?"

 मी उभी राहिले. अक्कांनी माझा मनगटापाशी हात धरून मला खाली बसवलं.

"बघायला माझा भाऊ होता," त्या म्हणाल्या.

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. वरती कळवतो म्हणाला. काही झालं नाही.

मी पेटले होते. अक्का कामाला लागल्या. चेन्नईतल्या बँका, इस्पितळं, कचेऱ्या यांच्या टेलिफोनवर बसणारी कितीतरी माणसं न दिसणारी आहेत. त्यांची आपसात ओळख असते. दुपारच्या निवांत वेळी ती एकमेकांना फोन लावून गप्पा मारतात. अक्कांनी त्या सगळ्यांना सांगितलं. ठरलं असं, की वाहिनीवर ‘पडद्यावर दिसणारा नंबर’ हे शब्द ऐकू आले, मग ती बातमी असो, पावसाचा इशारा असो नाही तर साबणाची जाहिरात, की लगेच वाहिनीला फोन करायचा आणि तो नंबर विचारायचा. ओरडायचं नाही. धंद्याच्या आवाजात बोलायचं. अक्कांचा पहिला फोन माझ्यासमोर झाला.

"मॅडम, नंबर पडद्यावर आहे ना," तिकडचा ऑपरेटर म्हणाला.

"मला पडदा दिसत नाहीं."

"घरात कोणी नाही का?"

"नाहीं. तुम्ही आहांत ना. सांगा, मी थांबतें."

त्यानं उठून, टीव्ही बघून येऊन नंबर सांगितला. अक्कांनी तो पुन्हा म्हणायला लावला, आभार मानले. असे फोन येत राहिले, रोज, शहरभरातून. शेवटी वाहिनीचा तो ऑपरेटरच वैतागून वरच्यांशी भांडला, असं त्यानंच एकदा अक्कांना सांगितलं. "तुमच्या मैत्रिणींनी माझं जेवण बंद केलंय अम्मा." एका संध्याकाळी पावसाची बातमी देताना त्या वाहिनीवरच्या बाईनं नियंत्रण कक्षाचा नंबर चक्क तोंडानं सांगितला. घाईत, एकदाच.  अक्का म्हणाल्या, "मधले दोन आकडे गिळले तिनें." पण त्या रात्री त्यांनी पायसम केलं, म्हणजे आपली खीर. पुढच्या आठवड्यात वाचणारी बाई बदलली आणि पुन्हा ‘दिसणारा नंबर’ सुरू झाला. अक्कांनी फोन उचलला.

पुढं त्या पडल्या, कंबर दुखावली, आणि भाची त्यांना तंजावरला घेऊन गेली. घर विकलं. मी पुण्याला बदली मागून घेतली. आता मी हेच काम करते, न दिसणाऱ्यांना वापरता येतील अशी संकेतस्थळं तपासायचं. ऑफिसात माझी ख्याती भांडकुदळ अशी आहे. तंजावरला फोन केला, की अक्का आधी माझं मराठी सुधारायच्या, मग तिथल्या केबलवाल्याला आज काय विचारलं ते सांगायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि मला कितीतरी वेळ खाली बसता आलं नाही. मुकुंदराव गेल्यावरही त्यांनी टीव्ही काढून टाकला नव्हता. भाचीला मालिका सांगता येत नाही, अशी त्यांची शेवटपर्यंत तक्रार होती.

पुण्यात मी आपल्या मराठी वाहिन्या लावते. पूर येतो, रस्ता खचतो, कुणाचं मूल हरवतं, रक्त हवं असतं, आणि गोड आवाजातला निवेदक म्हणतो, पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवर संपर्क करा. आमच्या भाषेतसुद्धा. इतक्या वर्षांनंतरसुद्धा. प्रत्येक वेळी मी ऐकते आणि प्रत्येक वेळी मला धक्का बसतो. हा धक्का मला सवयीचा होऊ द्यायचा नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. पत्रकावर सही नको, वर्गणी नको, मोर्चाला यायला नको. पुढच्या वेळी तुमच्या घरातल्या टीव्हीवर हे वाक्य ऐकू आलं, की त्या वाहिनीला फोन लावा. आधी आपलं नाव सांगा आणि म्हणा, आत्ता जो नंबर दाखवलात, तो मला सांगा. तुम्हाला दिसतं की नाही, हे त्यांना कळायची गरज नाही. ते म्हणतील, पडद्यावर आहे. तुम्ही म्हणा, थांबते. आणि तो नंबर कोणी तरी तोंडानं म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.